बॉयलरच्या भट्टीतल्या अस्तरावर संरक्षक लेप: ऑफ-सीझनच्या कामाचा क्रम

गाळप सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की एक तक्रार हमखास कानावर येते: "कोटिंगचा माल बोगस निघाला, सगळं खपल्या होऊन पडलं." माल क्वचितच बोगस असतो. लेप ओलसर अस्तरावर (भट्टीच्या आतल्या उष्णतारोधक थरावर) दिलेला असतो, क्षार मुरलेल्या जुन्या पृष्ठभागावर दिलेला असतो, नाहीतर पहिला जाळ घाईत लावलेला असतो. ओल धरलेल्या भिंतीला चुना फासला तर तो जसा सुटतो, तसंच हे. म्हणून या लेखात लेपापेक्षा लेपाच्या आधीच्या कामावर जास्त जागा खर्च केली आहे.

हा लेख साखर कारखान्यांतले बगॅस (उसाचं चिपाड) जाळणारे बॉयलर, डिस्टिलरीतले स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरलेलं सांडपाणी) जाळणारे बॉयलर आणि लातूरकडच्या सोयाबीन सॉल्व्हंट प्लांटमध्ये तुराट्या, पऱ्हाट्या किंवा ब्रिकेट जाळणारे बॉयलर यांच्यासाठी आहे. अस्तर फायरब्रिकचं असेल किंवा स्टेनलेस स्टीलच्या बारीक सुया मिसळलेल्या कास्टेबलचं (पाण्यात कालवून ओतायचं उष्णतारोधक काँक्रीट), क्रम तोच. जालन्याच्या स्टीलवाल्यांनी मात्र हे वापरू नये. इंडक्शन भट्टीतलं रॅमिंग मासचं (ठोकून बसवायच्या पुडीचं) काम पूर्ण वेगळं आहे.

१. हे लेपाचं काम आहे का, ते आधी ठरवा

लेपाची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर. तो अस्तराची छिद्रं बुजवतो, क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) चिकटणं कमी करतो आणि क्षारांची वाफ आत शिरायला उशीर लावतो. खड्डा भरणं, हललेली वीट धरून ठेवणं ही त्याची कामं नाहीत.

हातोडी घेऊन भिंत ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर अस्तर धड आहे. बद्द आवाज आला तर आतून सुटलेलं आहे, तिथे खडूने गोल करा. तीन मिलिमीटरपेक्षा रुंद भेग, एक तृतीयांशापेक्षा जास्त झिजलेली जाडी किंवा उघडा पडलेला अँकर (अस्तर धरून ठेवणारी स्टीलची खुंटी) दिसला की तो भाग डागडुजीच्या यादीत घाला. केसासारख्या बारीक भेगा कास्टेबलला असायच्याच, त्यांना घाबरू नका.

फेरी पूर्ण झाली की भट्टीचा साधा नकाशा काढा: पुढची भिंत, मागची भिंत, दोन्ही बाजू, कमान. क्लिंकर कुठे चिकटतो, काचेसारखी चकाकी कुठे आली आहे, पांढरी बुरशी धरल्यासारखा थर कुठे आहे, ते त्यावर मांडा. लेपाचा माल या नकाशावरून ठरतो, विक्रेत्याच्या पत्रकावरून नाही.

२. राख ओळखा, मग माल निवडा

सगळ्यात जास्त पैसे इथे चुकीच्या जागी जातात, त्यामुळे थोडं सविस्तर.

निव्वळ बगॅसच्या राखेत मुख्यतः सिलिका असते, थोडं पोटॅश असतं. ऊस कमी पडला आणि जोडीला पाचट, पऱ्हाटी किंवा सोयाबीनचं कुटार जाळलं की पोटॅशियम आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. स्पेंटवॉश सगळ्यात वाईट. तो आटवून ६० ब्रिक्सच्या (शेकडा ६० विरघळलेले घन पदार्थ) आसपास आणून जाळतात तेव्हा त्यात पोटॅशियमचे क्षार ठासून भरलेले असतात. पोटॅशियम क्लोराईड ७७० अंश सेल्सिअसला वितळतं, मीठ ८०१ ला. दोन्ही एकत्र आले की मिश्रण ६६० च्या आसपासच पातळ होतं. भट्टीचं तापमान याच्या बरंच वर असतं, म्हणजे हे क्षार भिंतीवर वाफ किंवा द्रव होऊन पोचतात आणि अस्तरात मुरतात.

आत गेल्यावर पोटॅश अस्तरातल्या ॲल्युमिना-सिलिकाशी संयोग पावतं. ल्यूसाइट, काल्सिलाइटसारखी नवी खनिजं तयार होतात आणि ती आधीपेक्षा जास्त जागा मागतात. अस्तराचा वरचा थर फुगतो आणि ढलप्यासारखा सुटतो. त्या ढलप्याला लेप चिकटलेला असतो, म्हणून तोही जातो. बिल मात्र लेपवाल्याच्या नावावर फाडलं जातं.

आता निवड. "जितका ॲल्युमिना जास्त तितका माल भारी" हे खरेदी विभागाचं आवडतं गणित क्षाराच्या बाबतीत उलटं पडतं. क्षाररोधक विटा आणि कास्टेबलमध्ये मुद्दाम सिलिका जास्त ठेवलेली असते. क्षार लागला की पृष्ठभागावर घट्ट काचेचा पातळ थर बनतो आणि तोच पुढच्या क्षाराला अडवतो. ७० टक्के ॲल्युमिनाचा माल महाग असतो, उष्णतेला जास्त टिकतो, पण पोटॅशपुढे फुगतो.

लेपात साधारण तीन पर्याय मिळतात. सिलिकॉन कार्बाइडच्या लेपाला क्लिंकर कमी चिकटतो, म्हणून इंधन जळतं त्या जाळीच्या वरच्या पट्ट्यात, क्लिंकर धरणाऱ्या भिंतींवर तो उपयोगी पडतो. पण त्याचं संरक्षण त्याच्यावर बनणाऱ्या सिलिकाच्या पातळ पडद्यावर अवलंबून असतं आणि वितळलेला क्षार नेमका तो पडदा विरघळवतो. स्पेंटवॉशच्या बॉयलरमध्ये "सिलिकॉन कार्बाइड आहे ना, मग काळजी नाही" असं म्हणून चालत नाही. झिरकॉनच्या लेपालाही वितळलेला माल कमी चिकटतो, किंमत जास्त. मुलाइट (ॲल्युमिना-सिलिकाचं खनिज) किंवा फायरक्लेचा (भट्टीच्या मातीचा) लेप स्वस्त, कमानीला आणि कमी झळीच्या भागाला पुरेसा.

निवडताना एक गोष्ट पक्की तपासा: लेप आणि अस्तर यांचं प्रसरण. १,००० अंशांनी तापल्यावर एक मीटर लांबीचं शुद्ध ॲल्युमिना सुमारे ८ मिलिमीटर वाढतं, मुलाइट आणि फायरक्ले पाच-सहाच्या जवळपास, सिलिकॉन कार्बाइड आणि झिरकॉन साडेचार-पाच. फायरक्लेच्या अस्तरावर ॲल्युमिनाचा जाड लेप का तडकतो, ते यातून दिसेल.

*तपासणी:* अस्तराच्या पृष्ठभागावरची खरवड आणि त्याच भिंतीच्या दोन इंच आतली खरवड सारख्या वजनाने घ्या. वेगवेगळ्या बाटल्यांत सारख्या मापाच्या आरओ पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) मोजा. पृष्ठभागाचा आकडा कितीतरी जास्त आला तर क्षार वरच आहेत, खरवडून निघतील. दोन्ही जवळपास सारखे आणि जास्त आले तर क्षार खोल मुरले आहेत. तिथे लेप देऊ नका, अस्तर बदला.

३. माल मागवणं आणि ठेवणं

पोत्यावर उत्पादनाची तारीख बघून घ्या. कास्टेबल साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतं, तेही कोरड्या जागी. जूनमध्ये आलेला माल सप्टेंबरात वापरायचा असेल तर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, ताडपत्रीखाली ठेवा. पोत्यात हाताने न फुटणारे खडे झाले असतील तर ते पोतं परत करा. चाळून वापरू नका, कारण सिमेंट आधीच मेलेलं असतं.

४. आत उतरणं आणि सफाई

सफाईच्या आधी सुरक्षा. बॉयलर बाकी लाइनपासून तोडलेला हवा, सगळे व्हॉल्व कुलूपबंद, पंख्यांचे फ्यूज काढलेले. आत ऑक्सिजन मोजून मगच माणूस उतरवा, बाहेर एक माणूस कायम उभा ठेवा, दिवे २४ व्होल्टचेच वापरा. छिन्नी लागली की सिलिकाची धूळ उडते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही, बारीक धुळीचा मास्कच हवा.

वरून खाली या. आधी कमानीवरचा लोंबता क्लिंकर पाडा, मग भिंती. चकाकी आलेला काचेचा थर आणि फुगलेला थर छिन्नीने काढा, धड अस्तर लागेपर्यंत. गुळगुळीत चकाकीवर लेप धरत नाही, त्यामुळे तिथे खडबडीतपणा आणावाच लागतो. शेवटी तारेचा ब्रश आणि हवा. कॉम्प्रेसरच्या नळीला तेल-पाणी अडवणारा ट्रॅप लावला नसेल तर तुम्ही भिंतीवर तेलाचा फवारा मारता आहात.

*सावधान:* ज्या भिंतीवर लेप द्यायचा ती पाण्याच्या पाईपने धुऊ नका. ट्यूब धुण्याची पद्धत असेल तर ते काम आधी उरका आणि मध्ये पुरेसे दिवस सोडा. पाण्यात विरघळलेला क्षार अस्तरात आणखी खोल जातो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ओल धरून बसतो.

५. डागडुजी

खडूने गोल केलेले भाग आता फोडा. खड्ड्याची कड तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवा, म्हणजे नवा माल आत अडकून बसतो. कड पातळ होत शून्यावर नेली तर तो तुकडा पहिल्या महिन्यातच निघतो.

अँकर ३०४ चे की ३१० चे (हे स्टेनलेस स्टीलचे प्रकार), हे तापमानावर ठरवा. ३०४ साधारण ८५०-९०० अंशांपर्यंत, त्यापुढे ३१०. अँकरचं टोक पृष्ठभागाच्या किमान २५ मिलिमीटर आत राहू द्या आणि त्यावर प्लास्टिकची टोपी किंवा डांबराचा हात द्या. स्टेनलेस स्टील कास्टेबलच्या दुप्पट-तिप्पट वाढतं. टोपी जळून जाते आणि अँकरला वाढायला जागा उरते. ही टोपी वाचवल्यामुळे अँकरच्या टोकापासून निघालेल्या चांदणीसारख्या भेगा अनेक भट्ट्यांत दिसतात. अँकर पत्र्यावर जोडायचा असेल तर ठीक. ट्यूब, हेडर अशा दाबाखालच्या भागाला वेल्डिंगचा टाका मारायचा असेल, तर बाष्पके संचालनालयाच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

मिसळणं. इथे मिस्त्रीशी वाद होतोच. "सायेब, माल लईच कोरडा व्हायलाय, घोटभर पाणी टाकतो." टाकू देऊ नका. कमी सिमेंटच्या कास्टेबलला ५ ते ७ टक्के पाणी लागतं, म्हणजे २५ किलोच्या पोत्याला सव्वा ते पावणेदोन लिटर. नेमका आकडा पोत्यावर असतो, तोच पाळा. हा माल मिक्सरमध्ये कोरडाच दिसतो आणि व्हायब्रेटर लागल्यावर वाहतो. पाणी मगाने नाही, मापाच्या भांड्याने किंवा काट्यावर मोजून घाला. साध्या कास्टेबलसाठी हाताची परीक्षा आहे: चेंडूएवढा गोळा करून फूटभर वर उडवून झेला. फुटला तर पाणी कमी, बोटांतून ओघळला तर जास्त.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि खारट. टँकर कुठून भरून आला ते कोणी सांगत नाही. पिण्यालायक पाणी घ्या, नाहीतर आरओचं. आणि कारखान्यातली एक खास चूक: मळीची किंवा रसाची बादली पाण्यासाठी वापरणं. साखरेचा थोडासा अंशही सिमेंटच्या जमण्यात विघ्न आणतो. बादल्या, घमेली, मिक्सर वेगळे ठेवा आणि धुऊन घ्या. साध्या सिमेंटचं काम केलेला मिक्सरही तसाच वापरू नका.

मे महिन्यात काम असेल तर पारा चाळिशीच्या वर असतो आणि बंद भट्टीत त्याहून जास्त. माल मिक्सरमध्येच बसायला लागतो. पहाटे काम काढा, पोती सावलीत ठेवा, पाणी गार वापरा. बर्फ घातला तर त्याचं वजन पाण्यातच धरा. एकदा बसू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो परतायचा नाही, टाकून द्यायचा.

सुया घालायच्या असतील तर मिक्सर फिरत असताना भुरभुरत सोडा, एकदम टाकल्या की गुंता होतो. ओतल्यावर निदान २४ तास ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक झाकून ठेवा. त्यानंतर साचा काढा आणि आणखी एक दिवस उघड्या हवेत सुकू द्या.

६. ओल गेली का?

लेप छिद्रं बुजवतो. म्हणजे आत राहिलेल्या पाण्याचा रस्ताही तोच बंद करतो. कोंडलेली वाफ १८० अंशांना सुमारे १० बारचा दाब देते, २०० अंशांना साडेपंधरा बार. एवढ्या दाबाला लेप तर काय, कास्टेबलचा अख्खा तुकडाही उडतो.

संध्याकाळी फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. सकाळी आतून दव दिसलं तर काम थांबवा. जुन्या अस्तराला ब्लोअरची कोरडी गरम हवा दिली की बहुतेकदा भागतं. नवा पॅच (डागडुजीचा तुकडा) मोठा असेल, तर माझ्या मते ३५० अंशांपर्यंत ड्राय-आऊट (हळूहळू तापवून ओल काढणं) करून, पुन्हा थंड करून मगच लेप द्यावा. यात तीन-चार दिवस जातात आणि चीफ इंजिनिअर कुरकुर करतात. ऐन गाळपात बॉयलर बंद ठेवण्यापेक्षा ही कुरकुर परवडते.

७. लेप देणं

आधी एक फूट चौकोनाचा नमुना द्या, तोही सगळ्यात वाईट जागी. शक्य असेल तर आदल्या हंगामात दोन-तीन मालांचे नमुने शेजारी शेजारी लावून ठेवा. एका हंगामाची भट्टी जे सांगते ते कुठलंच पत्रक सांगत नाही.

डबा उघडल्यावर तळाशी गाळ बसलेला असतो. ड्रिलला पॅडल लावून तळापासून ढवळा आणि काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहा. नाहीतर पहिल्या भिंतीवर नुसतं बंधकाचं (पूड चिकटवून धरणाऱ्या द्रवाचं) पाणी आणि शेवटच्या भिंतीवर नुसती पूड जाते. भिंत आधी ओलसर करायची की कोरडी ठेवायची, हे बंधकावर ठरतं, म्हणून डब्यावरची सूचना वाचा. फॉस्फेट बंधक आम्लधर्मी असतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ताज्या, ओल्या कास्टेबलवर तो कधीच लावू नका.

पहिला हात ब्रशने, पातळ, छिद्रांत दाबून. तो हाताला लागेनासा झाला की दुसरा हात स्प्रेने, आडवा-उभा. एक्सपान्शन जॉइंट, पाहणीची भोकं, थर्मोकपल (तापमान मोजणारे) आणि हवेचे नोझल आधी टेपने झाका. जॉइंट लेपाने बुजला की भिंतीला सरकायला जागा राहत नाही.

जाडीचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. मालाची घनता लिटरला २ किलो असेल तर ४० चौरस मीटरला ८० किलो. काम संपल्यावर रिकामे डबे मोजा. दीडशे किलो गेला असेल तर कंत्राटदार उदार झाला असं समजू नका. लेप दुप्पट जाड झालाय आणि तो सुटणार. चाळीसच गेला असेल तर एकतर लेप अर्धाच मिलिमीटर बसलाय, नाहीतर अर्धी भिंत उघडी आहे. घाईत दोन हातांऐवजी एकच जाड हात देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती फक्त डबे मोजूनच पकडता येते.

८. पहिला जाळ

अग्निप्रदीपनाचा मुहूर्त ठरलेला असतो, पाहुणे येणार असतात, फोटो निघणार असतात. मुहूर्ताला हरकत नाही. त्या दिवशी जाळीच्या मधोमध बारीक लाकडांचा लहान जाळ पेटवा आणि तोच स्लो फायरिंगचा (हळूहळू तापवण्याचा) पहिला तास धरा. कार्यक्रम संपल्यावर "आता बगॅस सोडा" असं कोणी म्हणालं तर मात्र ठामपणे नाही म्हणा.

नवा पॅच १५० मिलिमीटर जाड असेल तर साधारण वेळापत्रक असं: तासाला २५ अंशांच्या वेगाने १२० पर्यंत, तिथे ६ तास. त्याच वेगाने ३५० पर्यंत, पुन्हा ६ तास. तासाला ४० ने ६०० पर्यंत, पुन्हा ६ तास. नंतर तासाला ५० ने कामाच्या तापमानाला. थांबण्याचा ठोकताळा दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास. पूर्ण दोन दिवस लागतात. माल बनवणाऱ्याचं वेळापत्रक वेगळं असेल तर त्याचं खरं. फक्त लेपच दिला असेल, नवा पॅच नसेल, तर थांबे आखडते घेता येतात. १२० चा थांबा तरी सोडू नका.

तापमान अस्तराजवळच्या थर्मोकपलवर बघा, चिमणीकडे जाणाऱ्या वायूचं नको. लाकडाच्या जाळात तापमान एकदम उडी मारतं, म्हणून भाड्याचा डिझेल बर्नर मिळत असेल तर तो घ्या. लाकूडच असेल तर जाळीवर राखेचा थर पसरा आणि जाळ भिंतीला लागू देऊ नका. ड्रममध्ये पाण्याची पातळी नेहमीची, व्हेंट उघडे. डॅम्पर (धुराच्या वाटेवरची झडप) थोडा उघडा हवा. पूर्ण बंद केला तर निघालेली ओल भट्टीतच फिरते.

*सावधान:* पॅचमधून वाफ येताना दिसली किंवा फट्-फट् आवाज आला तर तापमान वाढवणं थांबवा. जाळ विझवू नका, आहे तिथेच धरून ठेवा. वाफ थांबल्यावर एक तास मोजा आणि पुढे चला. रात्रपाळीच्या फायरमनच्या हातात हे वेळापत्रक कागदावर लिहून द्या आणि तासागणिक नोंदीवर सही घ्या. तोंडी सांगितलेलं पहाटे तीनला लक्षात राहत नाही.

९. पहिल्या बंदमध्ये

सफाईसाठी किंवा पावसामुळे गाळप थांबलं की पाहणीच्या भोकातून नकाशावरच्या जागा बघा, जमल्यास त्याच कोनातून फोटो काढा. लेपाचा रंग बदलणं, त्यावर राखेचा पातळ थर बसणं यात वावगं काही नाही. खपली निघाली असेल तर ती उचलून तिची मागची बाजू बघा. मागे स्वच्छ, गुळगुळीत असेल तर लेप धरलाच नव्हता: ओल, धूळ किंवा चकाकी. मागे अस्तराचा थर चिकटून आला असेल तर दोष क्षाराचा, लेपाचा नाही. खपली मधूनच चिरली असेल तर जाडी जास्त झाली किंवा प्रसरण जुळलं नाही. तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा असतो, म्हणून त्या खपल्या पिशवीत घालून जागेचं नाव लिहून ठेवा. ऑफ-सीझनला निविदा काढताना त्या टेबलावर ठेवता येतात.

आणि चालू हंगामात क्लिंकर पाडण्यासाठी तापलेल्या भिंतीवर पाण्याचा पाईप धरायचा नाही, हे प्रत्येक पाळीला सांगा. लांब सळईने, पाहणीच्या दारातून, भट्टीत हलका उणा दाब ठेवूनच क्लिंकर पाडा.